अंगठ्याची सवय

सोमवार, ४
लागली एकदाची नोकरी! बाइंडिंगच्या दुकानातल्या खळीच्या वासातून सुटले. धूर झाला की वाजणारे गजर बनवणाऱ्या या कारखान्यात सगळं कसं चकचकीत. विभागाच्या मोठ्या बाईंनी स्वतः काम दाखवलं. गजराच्या पोटात एक इवलीशी चकती असते, तिच्यावर अमेरिशियमचा कण. हा धातू खाणीत मिळत नाही. माणसानेच तो अणुभट्टीत प्लुटोनियमपासून घडवला. त्याचे मुख्य किरण साध्या कागदानेही अडतात, पण तो पोटात गेला तर हाडांत ठाण मांडतो, आणि निम्मा व्हायलाच चारशेहून जास्त वर्षं लागतात. मी शहाण्यासारखी मान डोलावली. माझं काम सोपं: प्रत्येक चकती पातळ कागदाने पुसायची आणि तो कागद किरणांच्या मोजणीयंत्राखाली धरायचा. टकटक झाली तर चकती गळकी.

घरी ताईच्या लेकीला दात येताहेत. माझा अंगठा चावायला मिळाला की रडणं बंद. ताई म्हणते, तू मावशी कसली, खेळणं आहेस तिचं.

बुधवार, ६
हातमोजे घालून ते पातळ कागद सुटे होईनात. एक हातमोजा काढला, अंगठा जिभेला लावला, भराभर सुटले. बाइंडिंगवालीच मी! मोठ्या बाई म्हणाल्या, तुमचा हात भलताच चालतो. अशी फुगले म्हणता!

शुक्रवार, ८
बाहेर पडताना तपासणीयंत्रावर उजवा हात ठेवला आणि ते बोंबललं. मागे रांग. कोणीतरी हसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धुऊन आले आणि या वेळी डावाच हात पुढे केला. यंत्र गप्प. कोणी पाहिलं नाही.

सोमवार, ११
एक चकती गळकी निघाली. मोठ्या बाईंनी सगळ्यांना विचारलं, उघड्या हाताने कोणी काम केलंय का? रागावणार नाही म्हणाल्या, फक्त सांगा. त्यांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलेलं, आता कोणत्या तोंडाने सांगू? लाज वाटते. फार लाज वाटते.

मंगळवार, १२
छोटं मोजणीयंत्र पिशवीत लपवून घरी आणलं. अंगठ्याच्या नखाच्या कडेला — टक्. टक् टक्. घासला. रक्त येईस्तोवर घासला. तरी टक्.

मग ताईच्या लेकीचं वाळत घातलेलं लाळेरं —

टक् टक् टक् टक्.

ताई आली. कसला आवाज, म्हणाली. तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. ती हसली, लेकीला माझ्या मांडीवर दिलं आणि समोरच बसली. पोरीने माझा अंगठा धरला. तोंडाकडे नेला. ताई बघत होती. हात ओढला असता तर तिने का म्हणून विचारलं असतं, म्हणून मी —