उन्हाचा रकाना

१२ जून १९५५, रविवार

पडलो. न्हाणीपासून पुढच्या सोप्यापर्यंत नऊ पावलं, त्यातल्या सातव्याला. कुणी पाहिलं नाही. म्हणजे बायकोनं, महादेवीनं पाहिलं, पण ती बोलली नाही, तर ते न पाहिल्यातच धरायचं.

डॉक्टरांनी रोज भरायला दिलेल्या वहीत लिहिलं — चाल: बरी.

म्हणून ही दुसरी वही. खरं कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर उद्या मलाच आठवायचं नाही.

१३ जून

आठवतंय तोवर लिहितो. ८ मे. सकाळी दहाला पळायला सुरुवात केली — कोल्हापूर ते पन्हाळा, पलटणीतले बूट घालून. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. मुख्याध्यापक एवढंच म्हणाले होते, "मास्तर, चाळिशी आली तुमची. कवायतीला आता तरुण माणूस बघावा म्हणतो." झालं! संस्थानच्या पलटणीत आठ वर्षं काढलेला माणूस मी. म्हटलं, दाखवतो तरुण माणूस.

केर्लीला एका म्हातारीनं तांब्या पुढं केला. "पावणं, घोटभर घ्या की!" मी हातानंच नको म्हटलं. पळताना पाणी घ्यायचं नाही. पलटणीचा नियम, तालमीचा नियम, माझा नियम. शाळेत पोरांनाही हाच लावलाय. वाघबिळाच्या चढाला घाम यायचा थांबला. वाटलं, वा! अंग तयार झालं.

पुढचं लोकांनी सांगितलेलं. बैलगाडीतून दवाखान्यात आणलं. ताप एकशे आठ. जवळच एक लग्न होतं, तिथं सरबतासाठी आलेला बर्फ डॉक्टरांनी उचलून आणवला आणि माझ्या अंगावर रचला. वऱ्हाडाला कोमट सरबत प्यावं लागलं म्हणे. तीन दिवस शुद्ध नव्हती. बर्फाबद्दल वऱ्हाडाकडून अजून तक्रार आलेली नाही.

१८ जून, शनिवार

डॉक्टरांकडे हजेरी. नृसिंह पुजारी. वाडीच्या दत्ताच्या पुजाऱ्यांच्या घरातले, पण घंटा सोडून गळ्यात नळी घातली. दोन उन्हाळ्यांत माझ्यासारखे अकरा जण त्यांच्याकडं आले, सगळे कष्ट करता करता आडवे झालेले. गावात म्हणतात ऊन लागलं. ते म्हणतात उष्माघात. अकरा जणांच्या अकरा वह्या. दर शनिवारी ते उतरून घेतात. त्याचा लेख होऊन मुंबईला जायचाय. शोध एकच — असा माणूस पुन्हा पहिल्यासारखा होतो का, आणि कधी?

रकाने पाच. चाल, बोलणं, हात, विसर, ऊन.

शाळेचं म्हणणं असं — सप्टेंबरअखेर डॉक्टरांचा दाखला आणा, कायम करतो. नाहीतर जागा दुसऱ्याला. सहा वर्षं हंगामी आहे मी. दाखला डॉक्टर देणार, तो वही बघून. वही लिहिणार मी. सोपं आहे.

२२ जून

महाद्वार रोडला तोल गेला. पानवाला ओरडला, "मास्तर, दारूबंदी हाय की ओ! तुमाला कुठं घावली?" चारचौघं हसली. सांगायला गेलो तर जीभ टाळ्याला चिकटली, शब्द लोळत बाहेर आले. मग तर काय, खात्रीच पटली त्यांची! लिंगायताच्या घरात जन्म, गळ्यात लिंग, उभ्या जन्मात थेंब शिवला नाही. ताठ चालून दाखवावं म्हटलं. चौथ्या पावलाला गटारीत.

वहीत — बोलणं: स्पष्ट. चाल: बरी.

२४ जून

रंकाळ्यावर जाऊन म्हशींसमोर "सावधान!" म्हणून पाहिलं. एकही हलली नाही. सावधानच झाल्या म्हणायच्या.

२ जुलै, शनिवार

आज आकाराम भेटला. आमच्याच गल्लीतला, चोवीस वर्षांचा पैलवान. मेमध्ये, मी पडलो त्याच आठवड्यात, भर दुपारी जोर काढताना पडला. तोही अकरांतला. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, याला लिहिता येत नाही. रोज याचंही तुम्हीच लिहा. तो सांगेल तसं."

संध्याकाळी आला. सोप्यावर बसला तर सोपा भरला. पण पेला धरायला दोन्ही हात लागतात. म्हणाला, "लिवा मास्तर. ऊन सोसंना. ढग जरा फाटला तरी डोस्कं भणभणतंय. बैठका मारल्या तर घाम येईना, कातडं नुस्तं तापतंय. हात थरथरत्यात." आणि मग, हळूच — "आयला सांगू नगा."

सांगितलं तसं लिहिलं.

९ जुलै, शनिवार

डॉक्टरांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकेक रकाना बोटानं ताडून बघितला. "गंमत आहे, मास्तर. दोघं एकाच आठवड्यात पडलात. ताप सारखाच. हा तुमच्याहून सोळा वर्षांनी लहान, अंगानं दुप्पट. तरी तुम्ही बरे आणि हा नाही. असं का व्हावं?"

मी म्हणालो, पलटण.

ते हसले नाहीत. "पुढच्या शनिवारी तुम्हाला अंगणात जरा पळवून बघू," म्हणाले.

अंगण पंचवीस पावलांचं आहे. मोजून आलो.

१० जुलै

आकाराम म्हणाला, "ऊन सोसंना. कालच्यापरीस वाईट."

मी लिहिलं — ऊन: थोडं सोसतं. हात: स्थिर होत आहेत.

"काय लिवलं?"

"तू सांगितलंस तेच."

त्यानं मान डोलावली. अक्षराकडं बघत बसला. "अक्षर झ्याक हाय तुमचं," म्हणाला.

१६ जुलै, शनिवार

पाऊस धो धो. अंगणात पळणं रद्द. डॉक्टर खूश. "दोघांची सुधारणा आता जोडीनं चाललीय! मी उगाच घोळात पडलो होतो."

आकारामचं खरं इथं लिहून ठेवतो. "भाकरी मोडताना हातातनं पडली. वस्तादाचं नाव आटवंना." एवढं तरी करावं. निदान कुठंतरी असावं.

३० जुलै

ऊन: सोसतं. दोघांचं.

(आकाराम: "न्हाय सोसत.")

१४ ऑगस्ट

महादेवी म्हणाली, "दोन वह्या कशाला वो?"

एक डॉक्टरांची, एक घरची, म्हटलं.

"एकात खोटं लिवताय आन् एकात खरं. व्हय का न्हाय?"

"तुला कुठं वाचता येतं?"

"तुमचं त्वांड वाचता येतंय की! अठरा वर्सं तेच वाचतोय." ती पुरुषासारखंच ‘वाचतोय’ म्हणते, तिच्या माहेरची रीत. मग पीठ मळता मळता थांबली. "आन् त्या पोराचं? त्येचं बी खोटं?"

जेवायला वाढ म्हटलं. वाढलं.

३ सप्टेंबर

शर्टाची बटणं आज माझी मी लावली. अर्धा तास. हे दोन्ही वह्यांत सारखंच लिहिलं, अर्धा तास सोडून.

२४ सप्टेंबर, शनिवार

दोघांना दाखले. डॉक्टरांनी लेखाचा खर्डा वाचून दाखवला. तीन महिन्यांत पूर्ववत. आमच्या दोघांच्या वह्यांचा उल्लेख दोनदा केलाय, कारण रोजच्या रोज न चुकता आमच्याच भरलेल्या आहेत. मला म्हणाले, "तुमच्यासारखा नेटका माणूस मिळाला हे माझं नशीब."

परत येताना आकाराम बरोबर होता. बिनखांबी गणपतीपाशी थांबला. म्हणाला, "मास्तर, मला तर आजून बरं वाटंना. पर वहीत बरं हाय म्हणत्यात डाक्टर. म्हंजे माजंच मन कच्चं. लिवलेलं खोटं कसं आसंल?"

मी म्हणालो, "होय. मनाचंच असतं हे."

असं म्हणालो मी.

१ ऑक्टोबर, शनिवार

कायम झालो. महादेवीनं पेढे वाटले, स्वतः खाल्ला नाही.

मैदानावर ऊन मी म्हणत होतं. मी लिंबाच्या सावलीत उभा राहून हुकूम दिले. पोरांना मधे दोनदा पाणी प्यायला सोडलं. मुख्याध्यापक म्हणाले, "हे नवीनच काढलंत!" डॉक्टर सांगतात म्हटलं. म्हणजे डॉक्टरांचं मला पटलं होतं तर! माझ्या अंगाला पटलं होतं, पोरांच्या अंगाला पटलं होतं. सावली-पाण्याचं आकारामला सांगायला तालमीत जावं असं मनात आलं. गेलो नाही. त्यानं विचारलं असतं, मग वहीत ‘ऊन सोसतं’ कसं?

८ ऑक्टोबर

तालमीवरून आलो. आत गेलो नाही. बाहेरूनच आवाज ऐकला, शड्डू मारण्याचा. कुणाचा ते ओळखू आलं नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार

आकाराम पडला. तालमीच्या मागच्या पटांगणात, दुपारी. दसऱ्यानंतर त्याचं कुस्तीचं मैदान ठरलं होतं, म्हणून वस्तादांनी मेहनत वाढवली. पाणी मागितलं म्हणे एकदा. वस्ताद म्हणाले, दाखला हाय न्हवं तुला?

मी धावलो. म्हणजे भिंत धरून दवाखान्यात गेलो. ताप एकशे नऊ. बर्फाची लादी माझ्या हातात होती, डॉक्टर कपडे भिजवत होते आणि बोलत होते, मला की स्वतःला कोण जाणे. "जुलैपासून याला ऊन सोसत होतं. वहीत आहे. मग हे कसं? कुठं चुकलो मी?" मग थांबले. "बाकीच्या नऊ जणांनाही मी कामाला लागा म्हणून कळवलंय, मास्तर. तुमच्या दोघांच्या वह्यांवरून. सोमवारपासून लागतील सगळे."

लादी हातात वितळत होती. ती त्याच्या छातीवर ठेवली.

१२ ऑक्टोबर

आकाराम गेला. सकाळी सातला.

त्याची आई चिमणाबाई. तिनं माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, तुमी लई केलासा माज्या लेकराचं. रोज त्येचं लिवत हुतासा. येवढं कोन करतंय?" हात थरथरत होते. तिला वाटलं, मी रडतोय. रडतही होतो.

मला माझी लाज वाटते. हे एवढं एक वाक्य लिहायला चार महिने लागले.

१३ ऑक्टोबर

डॉक्टर,

खरी वही ही. तुमच्याकडं आकारामची म्हणून जी आहे ती मी माझ्या मनानं लिहिलेली आहे, त्याचं खरं बोलणं यात आहे. माझा दाखला आणि कायम केल्याचं शाळेचं पत्र आत ठेवलंय. तोंडानं सांगायला दारापर्यंत आलो होतो, पण जीभ अजून जड आहे आणि हे शब्द लोळवत सांगायचे नव्हते. आज गुरुवार. आधी त्या नऊ जणांना निरोप धाडा, मग वाचायला बसा.