लोहाऱ्याचा लाव्हा

रविवार, ५ नोव्हेंबर २००६

तेवीस माणसं आली! माझी बारावी फेरी. यवतमाळात दगड बघायला कोण येणार असं म्हणणारे आता स्वतःच सहा वाजता चपला घालून हजर असतात.

विहिरीपासून सुरुवात केली. वर मुरूम, खाली काळा दगड, मग लाल मातीचा पट्टा, परत काळा दगड. दोनदा लाव्हा आला, मधली हजारो वर्षं निवांत गेली, असं सांगितलं तर एक आजोबा कठड्यावरून हलेचनात. अठ्ठावीस वर्षं भूगर्भ सर्व्हेच्या ऑफिसात हाच पट्टा मी नकाशांवर ट्रेस केला. सर्व्हेच्या जीपमध्ये ट्रेसरबाईला कधी जागा नसायची. वामनराव साहेब म्हणायचे, "बाई, तुमचं फील्ड म्हणजे तुमचं टेबल." आता बघा म्हणावं.

दिल्लीचा एक पत्रकार होता. कापसामुळे हल्ली असे बरेच येतात, शेतं बघून जातात. त्याला सांगितलं, ही काळी माती म्हणजे याच दगडाचा भुगा. त्याने लिहून घेतलं.

शेवट नेहमीसारखा लोहाऱ्याला, माझ्या लाव्ह्यापाशी. भोकाभोकांचे गोळे, वर काचेसारखी चकाकी. कुठल्याच नकाशात नाहीत. मी शोधलेत.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

वामनराव साहेबांचा फोन. रविवारी येतो म्हणाले. स्वतः!

गुरुवार, ९ नोव्हेंबर

जागा साफ करायला लोहाऱ्याला एकटीच गेले. तिथे मानीबाई काटक्या वेचत होती. फेरीच्या दिवशी लांबून बघत उभी असते, ती.

"काय पाह्यत राह्यता इथं, बाई?"

लाव्हा, म्हटलं. ती हसली. "हे खंगर हाये. इथं इटायची भट्टी होती. आच जास्त झाली का इटा वितळून असे गोळे होत. म्या सात वर्सं हेच बाह्यर फेकलं."

तिने एक गोळा दगडावर आपटून फोडला. आत विटेचा कोपरा. सरळ, साच्यातला.

बारा फेऱ्या! मुलांनी तुकडे घरी नेलेत. एका शाळेच्या काचेच्या कपाटात तर माझ्या नावाच्या चिठ्ठीसकट ठेवलाय. मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवले नाही.

शनिवार, ११ नोव्हेंबर

ठरलं. लोहारा गाळायचा नाही. साहेबांसमोरच सांगायचं, चुकले म्हणून. मानीबाईलाही बोलावलंय.

रविवार, १२ नोव्हेंबर

एकतीस जण. विहिरीपाशी साहेब सगळ्यांना म्हणाले, "हा पट्टा नकाशावर या बाई फार स्वच्छ ओढायच्या." माझे कान गरम झाले.

लोहाऱ्याला मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेबांनीच एक गोळा उचलला. चष्मा गाडीत राहिलेला, नुसता हाताने चाचपला. "उत्तम नमुना. बाईंनी ऑफिसचं नाव काढलं." मग दहा मिनिटं लाव्ह्यावर बोलले. टाळ्या झाल्या. मी गप्प राहिले. इथे खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

लोक पांगल्यावर मानीबाईला विचारलं, तू का नाही बोललीस?

"सायेब म्हन्ते त गोटाच असन, बाई. मले काय समजते."

सात वर्षं भट्टीवर राबलेली बाई! आणि मान खाली घातली ती अगदी माझ्यासारखी — मी टेबलापाशी घालायचे तशी. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

सोमवार, १३ नोव्हेंबर

सकाळीच साहेबांना फोन केला. ते खंगर आहे, म्हटलं. शाळेत जाऊन माझी चिठ्ठी काढून घेतली. मग लोहाऱ्याला. मानीबाईला सांगितलं, येत्या रविवारी इथे तू बोलायचं, मी ऐकायला उभी राहीन.

ती काटक्या मोडत राहिली. मग म्हणाली, "फोडाले हातोडा आनजा, बाई. मोठा."