वरून साधं पाणी

पप्पा,

रविवारची सकाळ आहे आणि आपण दोघं सायकलवरून समुद्रावर निघालो आहोत. मी पुढच्या दांडीवर, मागे कॅरिअरला दोरीने बांधलेले दोन रिकामे कॅन. रेल्वे क्वार्टर्समधून निघून बाजार ओलांडेपर्यंत ते एकमेकांवर आपटून एवढा आवाज करतात की टपरीवर चहा पिणारे तुमच्या खात्यातले लोक हाक मारतात, "काय साहेब, घासलेट कुठे मिळतंय?" तुम्ही हसून हात वर करता, सांगत काहीच नाही. किनाऱ्यावर सुरूच्या झाडाला सायकल टेकवून तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडता आणि आत जाता. आईच्या जुन्या साडीचा तुकडा कॅनच्या तोंडावर ताणून धरायचं काम माझं. "भरतीचंच घ्यायचं," तुम्ही दर वेळी सांगता, "ओहोटीचं पाणी गाव धुऊन आलेलं असतं." येताना कॅन भरलेले, म्हणून तुम्ही सायकल हातात धरून चालता आणि मी बाजूने. त्या वाटेवर आपण फारसं बोलत नाही. पुढच्या सबंध आयुष्यात मी कुणाबरोबर इतकं छान गप्प चालले नाही.

ते पाणी ज्या टाकीत जायचं ती तुम्ही घरीच बनवली होती. लोखंडी अँगलची चौकट, पुट्टीने बसवलेल्या काचा, आणि खाऱ्या पाण्याने चौकट गंजायला लागली की वरून काळा रंग. खडकांतल्या डबक्यांमधले बोटाएवढे मासे, शंखात राहणारे खेकडे, कालवं चिकटलेले काळे दगड, असा आपला समुद्र बाहेरच्या खोलीत आईच्या शिवणयंत्राशेजारी असायचा. आई शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे दोन जातीचे मासे. एक मी तळते ते आणि एक साहेब सांभाळतात ते. माझ्या तव्यावरच्यांना मात्र हे सांगू नका." तुम्ही कधी माझ्यावर आवाज चढवल्याचं आठवत नाही, एक तो दिवस सोडला तर. मी काचेवर टिचक्या मारत होते. तुम्ही आतून आलात आणि म्हणालात, "त्यांच्या दारावर असं वाजवायचं नाही. ते आपण होऊन आलेले नाहीत, आपण आणलंय त्यांना."

मासे टिकायचे मात्र नाहीत. शाळेचा गणवेश घातला की मी आधी टाकीपाशी जायची आणि एखादा उताणा तरंगताना दिसायचा. कॉन्व्हेंटमध्ये सकाळच्या प्रार्थनेला सिस्टर सांगायच्या, घरात कुणी आजारी असेल तर मनात त्याच्यासाठी मागा. मी डोळे घट्ट मिटून माशांसाठी मागायची. टाकीतलं पाणी जरा खाली गेलं की तुम्ही कॅन काढायचात. उन्हाळ्यात तर आपण रविवारची वाटही बघायचो नाही. आणि तरी एका मे महिन्यात सगळेच गेले. तुम्ही टाकी मागच्या अंगणात नेऊन उपडी केलीत, हात धुतलेत आणि पानावर बसलात. आई वाढता वाढता म्हणाली, "अहो, पुन्हा आणा हवं तर." तुम्ही म्हणालात, "नको. माझ्या हाताला ते नाही." त्यानंतर टाकीचा विषय घरात निघाला नाही, आणि आपलं समुद्रावर जाणंही सुटलं.

तुम्हाला जाऊन आता एवढी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थांबावं लागतं. आई गेली. तुमचे जावईही गेले, त्याला फार दिवस नाही झाले. मी बँकेतून निवृत्त झाले आणि डहाणूतच राहिले, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही बांधलेल्या घरात. मुलगी पुण्याला असते. इथे दुपारी जेवल्यावर भांडी घासून झाली की संध्याकाळपर्यंत घरात काही हलत नाही. एकदा फोनवर हे मी तिला बोलून गेले, तर ती म्हणाली, "मम्मी, कुत्रा पाळ." मी म्हटलं, खाऱ्या पाण्याची टाकी लावते. तिने आधी टाकी केवढी ते विचारलं. मग म्हणाली, "चालेल. निदान भुंकणार तरी नाही."

वापीला एक दुकान आहे, तिथे गेले. दुकानदार गुजराती, वयाने माझ्याएवढाच. "बेन, साध्या पाण्याचे ठेवा ने, गोल्डफिश," तो म्हणाला, "खारं पाणी म्हणजे मोठी जवाबदारी." मी म्हटलं, खारंच हवंय. तेव्हा त्याने मला स्टूल दिलं आणि सगळं नीट सांगायला घेतलं. मासे सर्वांत शेवटी, आधी पाणी आणि दगड. आपण आणायचो तसला काळा दगड उपयोगाचा नाही, तो फार घट्ट असतो. दगड हवा स्पंजासारखा भोकाभोकांचा. डोळ्यांना न दिसणारे जीव त्या भोकांत घर करतात, माशांची घाण खातात आणि पाणी राहण्याजोगं ठेवतात. समुद्रातलं प्रवाळ उचलून आणायला बंदी आहे, म्हणून जमिनीतून काढलेला, कधीचा वाळून गेलेला दगड तो वजनावर विकतो. तसले दगड त्याने मला दिले, आणि वर स्वतःच्या टाकीतून लिंबाएवढा एक तुकडा काढून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला. "हा जिवंत आहे. बाकीच्यांच्या मधोमध ठेवा, हळूहळू सगळे जिवंत होतील." मी म्हटलं, म्हणजे विरजण. त्याला शब्द कळला नाही. दही लावतात ते, असं सांगितल्यावर तो खूश होऊन म्हणाला, "हां, मेळवण. बस, तेच."

निघताना त्याने एक गोष्ट बजावली. "पाणी उडून जाते बेन, मीठ नाय उडत. टाकीत पाणी ओछं झालं की वरून साधं पाणी टाकायचं. खारं टाकाल तर दर वेळी खारटपणा वाढत जाईल, आणि मग मासे मरतील."

मी मान हलवत होते, आणि मला एकदम तुमची बॅटरी रूम दिसली. स्टेशनच्या टोकाची ती खोली, रेल्वेच्या टेलिफोनसाठी ओळीने मांडलेले सेल, तुमचा ॲसिडने भोकं पडलेला ॲप्रन. मला आत यायची परवानगी नव्हती, दारात उभं राहून बघायचं. नव्या माणसाला तुम्ही शिकवत होता, "पाणी उडतं, ॲसिड राहतं. म्हणून वरून फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड घातलंस की सेल गेला म्हणून समज." हे तुम्ही इतक्यांदा सांगितलं असेल की मला सुद्धा पाठ झालं होतं. आणि घरी मात्र आपण दोघं कॅन भरभरून समुद्र आणत होतो आणि समुद्रावर समुद्र ओतत होतो.

तलासरीवरून येणाऱ्या एसटीत मी दगडांची पिशवी पायांत धरून बसले होते आणि तुमच्याशी भांडावं की हसावं ते मला कळत नव्हतं. ऑफिसात जे तुमच्या हाताला ठाऊक होतं ते घरी का नाही सुचलं? मला वाटतं, घरी ते काम नव्हतंच. समुद्रातून उचलून आणलेल्या जिवांना समुद्राचंच पाणी द्यावं, नळाचं कसं द्यायचं, असं तुम्हाला वाटत असणार. तुमच्या हाताला काही कमी नव्हतं, पप्पा. पण हे आता सांगायचं कुणाला? ज्यांना ती टाकी आठवते अशांत मी एकटीच उरले आहे.

पाण्यासाठी प्लंबर बोलावला. चिंचणीचा आहे, मला मावशी म्हणतो. स्वयंपाकघरातल्या नळाला फिल्टर आणि तिथून भिंतीच्या कडेने बाहेरच्या खोलीतल्या पिंपापर्यंत पाइप, असं मी त्याला समजावलं.

"हे फिल्टरचं पाणी प्यायचं कुणी?"

"कुणीच नाही. त्यात मीठ घालायचंय."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे पहिले पाणी चांगलं करायचं, मग त्याला खारट करायचं? मावशी, समुद्र हा काय बाजूला. आणि आमच्या चिंचणीला या, बोअरचं फुकट खारट देतो."

किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं, मी म्हटलं, खाडीचंही त्यात मिसळतं, मला उचलून आणायलाही होत नाही. "तुमच्या पैशांचं पाणी," असं म्हणत त्याने पाइप लावला, आणि जाताना फिल्टरचं एक भांडंभर पाणी स्वतः पिऊन गेला. "गोड आहे," म्हणाला, "नासवू नका फार."

पिंपात मीठ विरघळवून ते पाणी दुकानातून मागवलेल्या काचेच्या टाकीत भरलं, पंप लावून फिरतं केलं आणि दगड रचले. पहिल्यांदा त्यांच्यावर तपकिरी बुरशीसारखं काहीतरी धरलं, मग हिरवं शेवाळ. मग एके दिवशी विरजणाच्या शेजारच्या दगडावर रुपयाएवढा जांभळा डाग दिसला आणि तो पसरायला लागला. कुठूनसे मोहरीएवढे शंख आले. एका भोकातून पिसासारखं काहीतरी बाहेर यायचं, माझी सावली पडली की आत जायचं. रोज सकाळी चहा घेऊन मी तिथे बसायची आणि उठताना वरून साधं पाणी घालायची. दुकानदार म्हणाला, आता मासे न्या. मी म्हटलं, नेते. मुलगी विचारायची, "मम्मी, मासे कधी?" मी सांगायची, पाणी अजून तयार नाही. सकाळी उठून एखादा उताणा दिसला तर, या विचाराने माझे पाय वापीकडे वळत नव्हते. आणि खरं सांगायचं तर मला त्या दगडांचीच पुरेशी सोबत होती.

मग तो पाइप जोडाजवळ झिरपायला लागला. मी तिथे फडकं टाकून ठेवत होते. एका सकाळी फडकं टाकायच्या आधीच पाय घसरला. डावं मनगट गेलं. उठता येईना, तेव्हा शेजारच्या काकी फुलं न्यायला येईपर्यंत मी तशीच फरशीवर पडून होते. खालून बघितलं तर टाकीतल्या पाण्याचा वरचा पडदा आरशासारखा चमकत होता आणि त्यात ते दगड उलटे दिसत होते. पंपाचा आवाज चालू होता. रडू मला दुखण्याचं आलं नाही. काकी आज फुलं न्यायला आल्याच नाहीत तर, असं मनात आलं तेव्हा आलं.

त्याच संध्याकाळी मुलगी आली. पाइप, फडकं, टाकी, सगळं बघितलं. "मम्मी, आता पुरे. माझ्याकडे चल, कायमची." ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. टाकी पुण्यापर्यंत जाणार नाही, तिच्या घरात तेवढी जागाही नाही. आणि पंप बंद पडला तर जे सगळं हळूहळू आलंय ते एका दिवसात कुजायला लागेल. मला माझ्या जाण्यापेक्षा त्याचीच काळजी लागली होती.

तलासरीच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवणारी एक बाई बँकेच्या कामापासून माझ्या ओळखीची आहे. प्लास्टर बघायला म्हणून आली आणि टाकीपाशी वाकली. "ताई, यात तर काहीच नाही." मी म्हटलं, सावली नका पाडू, जरा थांबा. ती थांबली. ते पीस बाहेर आलं. ती आणखी खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "आमच्या मुलांना दाखवायला हवं हे. समुद्र एवढा जवळ, आणि कितीजणांनी तो पाहिलेलाच नाही." मी विचारलं, सांभाळाल? ती म्हणाली, "तुम्ही शिकवलंत तर."

तर पप्पा, असं ठरवलंय. टाकी, पंप, दगड, उरलेलं मीठ आणि खारटपणा मोजायची नळी तलासरीच्या बाईंना. दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे, अर्धं पाणी हेच न्यायचं. पिंपही त्यांनाच, पण वरून साधं पाणी, हे मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलंय. शाळेत फिल्टर आहे, म्हणून इथला काढून चिंचणीच्या प्लंबरला द्यायचा, त्याच्या घरच्यांनी तो पिण्यासाठी वापरावा. जास्वंद आणि दोन्ही चिकू काकींचे, कुंपणातलं छोटं फाटक त्यांच्यासाठी उघडं ठेवायचं. तुमचं मनगटी घड्याळ मुलीला, आणि मीही तिलाच. हे पत्र कुणालाच नाही.

बाईंनी विचारलं होतं, तलासरीला नेल्यावर दगड तिथल्या पाण्यात रुळायला किती दिवस लागतील, कारण तोवर मी अधूनमधून यायला हवी. मुलगी समोरच बसली होती. मी सांगितलं, दिवाळीपर्यंत तरी लागतील, तोवर मला इथेच राहावं लागेल. तेवढे लागत नाहीत.