दोन पायांची दोन मापं

घाटकोपर, रविवार

तीर्थरूप आप्पांस, रेवतीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. घरमालकीण मालवणची निघाली, त्यामुळे माशांवाचून हाल नाहीत. आईचा खोकला थांबला का?

तुमचे बूट घेतले! एकदम झकास. घोट्याच्या वर येतात आणि तळ शिवलेला आहे, नुसता चिकटवलेला नाही. कलमांच्या बागेत फुरसं चावायची भीती नको, आणि बाजारातही मिरवा. आतून मऊ आहेत का बघायला मीच ते घालून दुकानभर फिरले. लोक हसले, हसू देत.

पण तुम्ही वर्तमानपत्रावर पाय ठेवून काढलेली मापं बघून दुकानदाराने विचारलं, "यांचा उजवा पाय सुजलाय का?" डाव्यापेक्षा बोटभर रुंद आहे, आप्पा! आणि पत्रात म्हणे, 'इकडे सगळं ठीक'. आईलाही गप्प बसवलंत ना?

उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवा. सूज उतरली की मापं पुन्हा पाठवा, लागलं तर दुकानदार बूट बदलून देणार आहे; तोवर ते माझ्या खाटेखाली. आणि या वेळी पेन्सिल आईच्या हातात द्या. तुमचा काय भरवसा, डाव्याच पायाचं माप दोनदा काढाल.

तुमच्यासारखीच हट्टी,
रेवती