सतरा घरांचा एक ई-मेल पत्ता

॥ श्री ॥

प्रति,
माननीय प्रशिक्षण अधिकारी,
कोसा विणकर प्रशिक्षण साहाय्य कक्ष,
भंडारा.

अर्जदार : सेवकराम गोविंदराव नंदनवार, वय ७६ वर्षे, निवृत्त संस्कृत शिक्षक, मु. शहापूर, ता. व जि. भंडारा.

विषय : कु. करुणा हेडाऊ हिच्या नावापुढील ‘असभ्य उत्तर, अपात्र’ हा शेरा रद्द करून तिला प्रशिक्षणास प्रवेश देण्याबाबत. तसेच उमेदवारांचे ई-मेल पत्ते कक्षाच्या संकेतस्थळावरून उतरविण्याबाबत.

संदर्भ : १) कु. करुणा हिचा दि. ४ जून २०१८ चा अर्ज.
२) कक्षाच्या फलकावर दि. २३ ऑगस्ट २०१८ रोजी लागलेली यादी.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपल्या सेवेशी सविनय निवेदन सादर करीत आहे. निवेदन दीर्घ आहे. परंतु ज्या कार्यालयाने एका मुलीचे वर्ष तीन शब्दांत निकाली काढले, त्याने दोन पाने वाचण्याचे कष्ट घ्यावेत, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

१. अर्जदार विणकराच्या घरात जन्मला, संस्कृत पाठशाळेत शिकला आणि चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झाला. त्याच्या आळीत एक जुनी रीत आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नसे, त्यांची पत्रे ‘मार्फत नंदनवार गुरुजी’ अशा पत्त्यावर येत. अर्जदार ती ओसरीवर बसून वाचून दाखवी आणि उत्तरही लिहून देई. पुढे टपाल आटले, ई-मेल आली. रीत मात्र तीच राहिली. अर्जदाराने २०११ साली ई-मेल पत्ता काढला, तो आळीने आपलाच मानला. त्यामुळे कक्षाच्या यंदाच्या बेचाळीस उमेदवारांपैकी सतरा मुलींच्या अर्जांवर अर्जदाराचाच पत्ता आहे. आपल्या खिडकीवरील लिपिक महोदयांनी हे पाहून, “बाबाजी, सतराही पोरी तुमच्याच घरी राहून राहिल्या का?” असा प्रश्न केला होता. त्या विनोदाची नोंद अर्जदाराने घेतली आहे.

२. दि. २० जून रोजी कक्षाने सर्व उमेदवारांची यादी संकेतस्थळावर चढविली. तीत प्रत्येकीचे नाव, गाव आणि ई-मेल पत्ता निळ्या अक्षरांत छापला होता. अर्जदाराचा पत्ता सतरा वेळा आला. नाव-गाव समजू शकते; पण जगातील कोणत्या रसिकाला शहापूरच्या ई-मेल पत्त्यांची एवढी ओढ लागली होती, हे कक्षाने कृपया सांगावे. रसिक मिळाले, हे खरे. पहिल्या आठवड्यात चाळीस पत्रे आली, जुलैअखेर रोज शंभराहून अधिक. परदेशातील एका सेनानीच्या विधवेने आपली संपूर्ण इस्टेट अर्जदाराच्या चरणी वाहण्याची इच्छा व्यक्त केली. एका कंपनीने केसवाढीचे तेल देऊ केले. अर्जदाराचे मस्तक १९९४ पासून निष्केश आहे आणि तो त्यात समाधानी आहे.

३. येथे अर्जदार आपला पहिला दोष मान्य करतो. आलेल्या पत्रास उत्तर न देणे हा त्याच्या गुरूंच्या घरी अनाचार मानला जाई. म्हणून त्याने त्या विधवेस सांत्वनपर चार ओळी लिहिल्या, तेलवाल्यास नम्र नकार कळविला, आणि ‘पत्रे नको असल्यास येथे टिचकी मारा’ असे जेथे जेथे लिहिले होते तेथे तेथे श्रद्धेने टिचकी मारली. परिणामी पत्रे दुप्पट झाली. शहापुरात संगणकाचे दुकान चालविणाऱ्या रीताबाई मेश्राम यांच्याकडे अर्जदार दर सोमवारी व गुरुवारी पत्रे पाहावयास जातो. त्यांनी कपाळाला हात लावून जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो : “गुरुजी, चोरानं कडी वाजवली अन् तुम्ही आतून ‘कोण हाय जी?’ म्हणाले. आता त्याले पक्कं समजलं ना, घरात माणूस हाय! उत्तर कायले देल्लं?” अर्जदाराने आयुष्यभर व्याकरण शिकविले, हा पाठ त्याला त्या दुकानात स्टुलावर बसून घ्यावा लागला.

४. दि. ५ जुलै रोजी अर्जदार एस.टी.ने कक्षात आला आणि पत्ते उतरवावेत अशी तोंडी विनंती केली. तक्रार संकेतस्थळावरच नोंदवावी लागते, असे त्यास सांगण्यात आले. त्याने रीताबाईंकरवी ती नोंदविली. दुसऱ्या दिवशी ती तक्रार ‘पारदर्शक कारभार’ या मथळ्याखाली संकेतस्थळावर झळकली. तक्रारदाराच्या नावाखाली त्याचा ई-मेल पत्ता ठळक अक्षरांत होता. घराचे दार उघडे आहे अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाची चौकटही काढून घ्यावी, असा हा न्याय. याविषयी पुन्हा विचारले असता उत्तर मिळाले, “सिस्टीमच तशी हाय, बाबाजी. आमच्या हातात काही नाही.” कक्षाच्या हातात नेमके काय आहे, हे अर्जदारास आजतागायत उमगलेले नाही.

५. आता मुख्य विषय. कु. करुणा ही अर्जदाराच्या शेजारी राहणाऱ्या पंचफुलाबाई हेडाऊ यांची कन्या. कोशाच्या रेशमी धाग्याची तिला जी जाण आहे ती अर्जदाराने तिच्या आजोबांनंतर कोणात पाहिली नाही. माग घरचा आहे. रंगयोजना आणि नवे नक्षीकाम शिकण्यासाठी आपल्या कक्षाच्या दहा जागांतील एक तिला हवी होती. वयाच्या अटीमुळे हे तिचे शेवटचे वर्ष. दि. १३ ऑगस्ट, सोमवारी, त्या दिवसाच्या एकशे बारा पत्रांत पुढील पत्र आले. ते अक्षरशः उद्धृत करतो :

“अभिनंदन!!! आपली निवड झाली आहे. २४ तासांच्या आत खालील निळ्या ओळीवर टिचकी मारून आधार क्रमांक भरा, अन्यथा संधी रद्द.”

पत्रास जावक क्रमांक नव्हता. खाली अधिकाऱ्याचे नाव नव्हते, सही नव्हती. उमेदवाराचेही नाव नव्हते. सतरा मुलींपैकी निवड कोणाची, हे पाठविणाऱ्यालाच ठाऊक. पत्र शासकीय पत्त्यावरून न येता कोणालाही फुकट मिळणाऱ्या खात्यावरून आले होते आणि त्या खात्याच्या नावात सहा आकडे होते. त्याच दिवशी लॉटरीवाल्यांची जी तीन पत्रे आली, त्यांत निदान ‘आदरणीय महोदय’ असे लिहिले होते.

६. रीताबाईंनी अर्जदारास अशी पत्रे न उघडता पुसून टाकण्यास शिकविले होते. अर्जदाराने ते ऐकले असते तर निदान शेरा तरी टळला असता. परंतु सात आठवड्यांचा संताप साचला होता. एका ठकास तरी त्याची जागा दाखवावी, असे वाटले. रीताबाईंनी “राहू द्या जी गुरुजी, नका त्याच्या नादी लागू” असे दोनदा बजावले. तरी अर्जदाराने पुढील उत्तर सांगून त्यांच्याकडून टंकलिखित करविले :

“ठक महाशय, आपल्या अभिनंदनाबद्दल आभार. लॉटरी व केशतेल यांनंतर आपले जाळे आता कोशाच्या धाग्यापर्यंत पोहोचले, ही आपल्या उद्योगशीलतेची साक्ष होय. परंतु ज्याला स्वतःचे नाव लिहिण्याचे धाडस नाही, त्याने दुसऱ्याचा आधार क्रमांक मागू नये. आपणास सद्बुद्धी लाभो; न लाभल्यास पोलीस लाभोत.”

७. दि. २३ रोजी फलकावरील यादीत करुणाच्या नावापुढे ‘असभ्य उत्तर, अपात्र’ असे लिहिलेले आढळले. तेव्हा कळले की ते पत्र खरोखरच आपल्या कक्षाचे होते आणि निवड करुणाची झाली होती. महोदय, क्षोभ बाजूला ठेवून विचार करावा. चोर आणि कार्यालय एकाच वेशात, एकाच भाषेत, एकाच घाईने दारात उभे राहिले, तर आतल्या म्हाताऱ्याने कोणास ओळखावे? चोरांनी कार्यालयाची नक्कल करावी हे जगरहाटीस धरून आहे. कार्यालयाने चोरांची नक्कल केल्याचे अर्जदाराने प्रथमच पाहिले.

८. यादी वाचून पंचफुलाबाई अर्जदाराच्या ओसरीवर आल्या. त्यांनी आवाज चढविला नाही. चढविला असता तर बरे झाले असते. एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, मले तं तुमचाच पत्ता भरवशाचा वाटला. आता पोरीले काय सांगू?” अर्जदार उठून त्यांच्यासोबत शेजारी त्यांच्या घरी गेला. करुणा मात्र मागावरून उठली नाही. तुटलेला धागा सांधता सांधता तिने विचारले, “गुरुजी, तुम्ही ‘पोलीस लाभोत’ असं खरंच लिवलं?” आणि हसली. ते हसू अर्जदारास शेऱ्यापेक्षा जड गेले.

९. तात्पर्य, ते उत्तर करुणाचे नव्हे. तिने ते लिहिले नाही, पाहिले नाही, तिला ते कोणी विचारलेही नाही. असभ्यता असेल तर ती संपूर्णपणे अर्जदाराची आहे. शिक्षा द्यावयाची असल्यास ‘असभ्य’ हा शेरा अर्जदाराच्या नावापुढे, हव्या तेवढ्या मोठ्या अक्षरांत, फलकावर लावावा. तो फलकाशेजारी उभा राहण्यासही तयार आहे.

१०. सबब प्रार्थना : (अ) करुणाच्या नावापुढील शेरा रद्द करून तिला दि. १ ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या वर्गात प्रवेश द्यावा. (आ) सर्व बेचाळीस उमेदवारांचे पत्ते व अर्जदाराची तक्रार संकेतस्थळावरून त्वरित उतरवावी. (इ) यापुढील पत्रांवर पाठविणाऱ्याचे नाव, पद व जावक क्रमांक असावा. अन्य सोळा मुलींचे पत्ते बदलण्याचे अर्ज रीताबाई भरवून घेत आहेत. आळीची जुनी रीत अर्जदाराने काल ओसरीवर सर्वांसमक्ष संपविली.

११. ‘ठक’ या शब्दाबद्दल अर्जदार कक्षाची क्षमा मागतो. तो शब्द चुकीच्या दारी गेला. अर्जदाराने सेवाकाळात कोणाही अधिकाऱ्याची लेखी क्षमा मागितलेली नाही. ती आज मागत आहे, आणि एका मुलीच्या जागेपुढे ती त्यास फार मोठी वाटत नाही.

निर्णय ई-मेलने कळवू नये. अर्जदार येत्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता करुणा व तिच्या आईसह आपल्या दालनाबाहेरील बाकावर बसलेला असेल. तोंडी सांगितले तरी चालेल.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार,
(सही)
सेवकराम गोविंदराव नंदनवार
शहापूर, दि. २७ ऑगस्ट २०१८

सोबत :
१) कक्षाचे दि. १३ ऑगस्टचे पत्र व त्यास अर्जदाराचे उत्तर (छापील प्रती).
२) त्याच दिवशीची लॉटरीची तीन पत्रे, तुलनेसाठी.
३) करुणाने विणलेल्या कोशाच्या पदराचा हातभर नमुना.
४) करुणाचा स्वतःचा नवा ई-मेल पत्ता, बंद पाकिटात. पाकीट आपण स्वतः फोडावे. हा पत्ता अर्जदारासही ठाऊक नाही.