नकाशात नसलेली लिंबं

३ नोव्हेंबर, इब्री, ओमान
अर्बाबच्या, म्हणजे इथल्या मालकांच्या, बागेचा माझा रिपोर्ट अर्धा झाला. बाग कशी घडली, कुणी घडवली, याचं पुस्तक करायचंय त्यांना. एका इंग्रज साहेबानं आखलेली, आर्ट्स अँड क्राफ्ट्स पद्धतीची. इथलाच दगड, इथलेच कारागीर, घरासारख्या बागेलाही खोल्या, झाडांच्या भिंतींच्या. साहेबाचा नकाशा मिळाला! त्यात घर ते तळं सरळ वाट. प्रत्यक्षात मधे लिंबांची आडवी रांग, वाट वाकडी. नंतर कुणीतरी घुसडलेली. काढा, असं लिहून दिलं.

६ नोव्हें.
लिंबं गेली. जेसीबीला अर्धी सकाळ पुरली. अर्बाब खूश. मीही. खोटं कशाला बोलू.

९ नोव्हें.
इथले जुने माळी कासिमचाचा सापडले. दापोलीकडचे, आता सोहारला मुलाकडे. फोनवर विचारलं, नकाशावरून आखणी कशी करायचात? हसतच सुटले. “कागद पाव्हण्यांना दाखवायला, बाय! सायब काठी घेऊन चालायचा, मी मागनं चुन्याची फक्की टाकायचो. तीच बाग.”
आणि लिंबं?
“ती माझी. पश्चिमेचा वारा गुलाब जाळायचा. मी म्हटलं, आडवी लावूया. सायब म्हणाला, लाव. हायत ना?”
“आहेत,” म्हटलं.
का म्हटलं? निघून गेलं तोंडातून. कारागिराच्या हाताला मान देणारी शैली, असं पहिल्याच पानावर लिहिलंय मी. लाज वाटते.

११ नोव्हें.
रिपोर्टमध्ये खरं ते लिहिलं. लिंबं चाचांनी लावली, माझ्या सल्ल्यानं काढली. अर्बाबना वाचून दाखवलं. “खलास, मॅडम. ही ओळ नको. साहेबाचं नाव पुरे.” ओळ अजून तशीच ठेवलीय. चाचांचा नंबर दोनदा काढला. लावला नाही.

१४ नोव्हें., शुक्रवार
चाचाच आले. मुलाच्या गाडीतून, न सांगता. वाटेच्या तोंडाशी थबकले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. माझा हात धरला. “लिंबां कुठं, बाय?”
मी वाटेवरची माती पायानं सारखी केली.
मग तेच म्हणाले, “दुसरीकडं लावली असतील. वय झालां. माझ्याच डोक्यात घोळ.” वर माझीच माफी मागितली, चुकीचं सांगितलं म्हणून. माझी!
आता व्हरांड्यात चहा पितायत, मुलाला बागेतलं काहीबाही दाखवतायत, पण बोट दाखवण्याआधी अडखळतायत. मी माझ्या गाडीत बसून हे लिहितेय. मुलगा हाक मारतोय, “मॅडम, आम्ही निघू?”