सात नंबरची खाट

३ मार्च, सोमवार

सात नंबरच्या आयरिश म्हाताऱ्यानं आज फोलाके सिस्टरला हात लावू दिला नाही. ती सलाईन बघायला वाकली आणि हा ओरडला— 'ही असली नको! दुसरी पाठवा.' मी ड्यूटी डॉक्टर, शेजारच्या खाटेपाशीच उभी. सगळं ऐकलं. मॅनेजरबाईंनी लगेच फोलाकेला दुसऱ्या टोकाला पाठवलं, तिच्या जागी एक गोरी सिस्टर आणली. 'ग्रँड! झालं, उगाच वाद नको,' म्हणाल्या. इथली ही नेहमीचीच अदलाबदल. मी केसपेपरात डोकं घातलं.

फोलाकेनं वेण्यांवरचा पिवळा रुमाल सोडला आणि पुन्हा घट्ट बांधला.

४ मार्च

घरी आईला सांगितलं. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण पोळी लाटता लाटता म्हणाली, 'हा तं इटाळच झाला ना वं!' लहानपणी ती घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची— कुणी दया येऊन पाणी ओतलं तर ओतलं.

'तू होती ना तिथं? मंग काऊन नाही बोलली?'

मी ताट उचलून उठले.

६ मार्च

फोलाकेनं चहाच्या खोलीत गाठलं. इथल्याच ड्रोहेडा शहरात वाढलेली, बोलणं अस्सल तिथलं. 'कीव नकोय मला, रेवती. माझी खाट परत हवीय.' वॉर्डातल्या काळ्या नर्सेसनी मिळून ठरवलंय— रंग बघून कुणी नाकारलं तर यापुढे जागा सोडायची नाही! पुढच्या गुरुवारी मॅनेजरबाईंसोबत बैठक. साक्षीदार हवी. 'तू पाहिलंस ना?'

मी म्हटलं, बघते. 'बघते'!! स्वतःचा इतका राग आला.

पण माझं कॉन्ट्रॅक्ट जुलैत संपतंय. पुढच्यासाठी पुरुषोत्तम सरांचा शब्द लागतो.

८ मार्च, शनिवार

नावन गावी सरांच्या घरी जेवण. सर आमच्या वॉर्डचे कन्सल्टंट आणि मराठी मंडळाचे अध्यक्षही— इथली माणसं त्यांना विचारून शिंकतात. वहिनी मला हक्कानं स्वयंपाकघरात घेतात. माझं आडनाव असं, की ज्यानं त्यानं हवं ते समजावं. बाबांनी मुद्दामच घेतलेलं. मीही कुणाचा समज दुरुस्त करायला जात नाही. आईला सर्दी झालीय म्हणून सांगितलं. सर्दी कसली! तिनं तोंड उघडलं की सगळं बाहेर येईल, म्हणून घरी ठेवलं. लाज वाटली. तरी ठेवलंच.

जेवणानंतर सर मागच्या अंगणात घेऊन गेले. 'गुरुवारी बोलू नकोस. आपण इथे पाहुणे. मान खाली, काम चोख. त्यांची लढाई वेगळी.' रागावले नव्हते. त्याचीच जास्त भीती वाटली.

१० मार्च

फोलाके समोरून आली, हसली. मला हसता आलं नाही.

१२ मार्च

आई सकाळपासून भांडी आपटतेय. शेवटी एवढंच— 'तुले डॉक्टर कोनं केलं?' आणि भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे बोट. तिचा हुकमी एक्का. उत्तर तिलाही माहीत, मलाही.

१३ मार्च, गुरुवार

बोलले!

खोलीत मॅनेजर, सर, फोलाके आणि मी. मॅनेजर म्हणाल्या, 'वयस्कर माणूस, गोंधळला असेल. रंगावरूनच म्हणाला कशावरून?' मी म्हटलं, गोंधळला नव्हता. आणि मग तोंडातून निघूनच गेलं— आमच्या जातीला अस्पृश्य म्हणत, माझ्या आईला विहिरीला हात लावू देत नसत, ही नजर मला ओळखू येते.

सर टेबलाकडे बघत राहिले. पक्का निर्णय वरून येणार म्हणे, पण फोलाके उद्यापासून सातवरच! तिनं माझा हात दाबला. मी मात्र मनानं जुलैत जाऊन पोचले होते. आता मंडळात कळणार. वहिनी काय म्हणतील? संपलं सगळं.

१४ मार्च

कारपार्कमध्ये सर माझी वाट बघत होते. आजूबाजूला नजर टाकली. कुणी नाही असं पाहून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले— 'जय भीम, रेवती.'

आणि मग, 'माझ्या मुलांना माहीत नाहीये.'